भिंतीपलीकडचे हरीण

पेकिंगच्या दक्षिणेस नान हायझी नावाचे एक विस्तीर्ण शिकारवन होते. त्याची मालकी खुद्द चीनच्या सम्राटाची. वनाभोवती मैलोगणती लांबीची उंच भिंत, तिच्यावर पहारेकऱ्यांची नजर आणि परकीयच काय, चिनी प्रजेलाही आत पाऊल टाकण्याची सक्त मनाई. आतल्या जनावराची हत्या करणाऱ्यास देहदंड ठरलेला होता. १८६५ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने या भिंतीवरून आत डोकावून पाहिले. समोर शंभराहून अधिक हरणांचा कळप चरत होता; परंतु अशी हरणे त्याने कधी पाहिली नव्हती. युरोपातील एकाही प्राणिशास्त्रज्ञाने ती पाहिलेली नव्हती. जगाच्या पाठीवर या जातीचा हा बहुधा शेवटचाच कळप आहे, याची कल्पना त्या क्षणी कोणालाही नव्हती.

फादर आर्मां डेव्हिड हे त्या धर्मगुरूचे नाव. पांडा नावाच्या प्राण्याची ओळख जगाला करून देणारे म्हणून ते आज सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याचा खरा अर्थ उलगडतो तो पांड्यापेक्षाही या भिंतीआडच्या हरणाच्या कहाणीतून.

डॉक्टरांचा मुलगा, शिक्षकांचा शिक्षक

डेव्हिड यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२६ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या एस्पेलेत या बास्क गावात झाला. वडील डॉक्टर होते आणि त्यांना निसर्गाची मनापासून आवड होती. डोंगरउतारांवर भटकणे, किडे-फुलपाखरे गोळा करणे, पाखरांचे आवाज ओळखणे हे संस्कार मुलावर घरातच झाले. पुढे याच भटकंतीने त्यांच्या पायांना दिवसाकाठी कैक कोस चालण्याचे बळ दिले.

१८४८ मध्ये ते लाझारिस्ट या धर्मसंघात दाखल झाले. चीनला जाण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु संघाने त्यांना इटलीतील साव्होना येथील विद्यालयात विज्ञान शिकवण्यास पाठवले आणि तेथे त्यांची सुमारे दहा वर्षे गेली. ही वर्षे वाया गेली नाहीत. विद्यार्थ्यांना घेऊन ते रानोमाळ हिंडत, नमुने जमवत आणि त्यांचा संग्रह मांडत. जिनोआचे निसर्गसंग्रहालय उभारणारे जाकोमो दोरिया आणि न्यू गिनीच्या अज्ञात अंतर्भागात शिरणारे लुईजी दाल्बेर्तिस हे दोघेही त्यांचेच विद्यार्थी.

अखेर १८६२ मध्ये चीनचा योग आला. दुसरे अफूयुद्ध संपून दोनच वर्षे लोटली होती. पराभूत चीनवर लादलेल्या तहांमुळे परकीय धर्मोपदेशकांना देशाच्या अंतर्भागात फिरण्याची मुभा मिळाली होती. डेव्हिड यांच्या साऱ्या प्रवासाची वाट या तहांनीच मोकळी केली होती, हे विसरता येत नाही. पेकिंगच्या मिशनमध्ये शाळा काढायची आणि तीत विज्ञान शिकवायचे, हे त्यांचे नेमलेले काम. त्यासाठी त्यांनी परिसरातील प्राणी, पक्षी, वनस्पती गोळा करून एक लहानसे संग्रहालय मांडले. त्यातील काही नमुने पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पोचले आणि तेथील प्राध्यापक चकित झाले. अशा माणसाला वर्गात अडकवून ठेवणे योग्य नाही, असे संग्रहालयाने धर्मसंघाच्या प्रमुखांना पटवले. फ्रेंच सरकारने खर्चाचा भार उचलला आणि धर्मगुरूंना चीनच्या अनोळखी मुलुखात शास्त्रीय संशोधनासाठी मोकळीक मिळाली.

चारांपैकी एकही नव्हे

नान हायझीच्या भिंतीआड दिसलेल्या हरणाला चिनी लोक मिलू म्हणत. त्याचे दुसरे लोकप्रिय नाव सिबुशियांग. चार प्राण्यांसारखा भासणारा, तरी त्यांपैकी एकही नसलेला, असा त्याचा अर्थ. शिंगे हरणाची, मान उंटाची, खूर गाईचे आणि शेपूट गाढवाचे, असे त्याचे वर्णन लोक करत. ही केवळ गंमत नव्हती. मिलूची शिंगे इतर हरणांच्या शिंगांच्या अगदी उलट दिसतात. त्यांची टोके मागे वळलेली असतात, जणू कोणी ती उलटी बसवली आहेत. शेपूट हरणाच्या मानाने खूपच लांब आणि टोकाशी झुबकेदार. खूर रुंद आणि फाकलेले, कारण मूळचा हा प्राणी दलदलीचा. आपल्याकडील बारशिंगा जसा पाणथळ गवताळ प्रदेशाशी जुळवून घेतो, तसाच मिलू चिखलात न रुतता चालतो आणि पाण्यात उत्तम पोहतो.

चिनी लोकांना हा प्राणी फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. बहुतेक हरणे शिंगे गाळतात त्या ऋतूत न गाळता मिलू ती ऐन हिवाळ्यात गाळतो, आणि चीनच्या परंपरागत पंचांगात ही घटना हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाची खूण म्हणून नोंदलेली आहे. परंतु माणसाने दलदली शेतीखाली आणल्या तसा मिलू मोकळ्या रानातून नाहीसा होत गेला. डेव्हिड यांनी डोकावून पाहिले तेव्हा त्याचे अस्तित्व सम्राटाच्या शिकारवनापुरते उरले होते.

नमुना मिळाल्याशिवाय शास्त्र त्याची दखल घेणार नव्हते, आणि नमुना मिळवणे म्हणजे जिवाशी खेळ. डेव्हिड यांनी पहारेकऱ्यांशी गुपचूप संधान बांधले. पैशांच्या मोबदल्यात जानेवारी १८६६ मध्ये दोन कातडी आणि हाडे त्यांच्या हाती आली. ती पॅरिसला रवाना झाली. त्याच वर्षी आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने तपासणी करून ही जात, इतकेच नव्हे तर तिची प्रजातीही, शास्त्राला सर्वस्वी नवी असल्याचे जाहीर केले. शोधकर्त्याच्या सन्मानार्थ तिचे शास्त्रीय नाव एलाफुरस डेव्हिडियानस असे ठेवण्यात आले. बातमी पसरताच युरोपातील प्राणिसंग्रहालयांमध्ये या विलक्षण हरणाविषयी चढाओढ सुरू झाली. दूतावासांच्या खटपटीने पुढील वर्षांत काही जिवंत मिलू चीनबाहेर गेले. प्रवासात काही दगावले, काही तगले. या मूठभर जनावरांचे मोल कळायला अजून अवकाश होता.

मूपिनचे डोंगर

१८६६ मध्येच डेव्हिड यांनी पहिली मोठी स्वारी केली ती मंगोलियाच्या दिशेने. थंडी, वाळू आणि निर्मनुष्य पठारे यांच्या मानाने नवे प्राणी थोडेच मिळाले. त्यांनी पॅरिसला पाठवलेल्या नमुन्यांत पिवळट रंगाचे, बिळात राहणारे काही उंदीर होते. आज जगभर प्रयोगशाळांत आणि घरोघरी पाळला जाणारा मंगोलियन जर्बिल तो हाच.

दुसऱ्या प्रवासाला ते मे १८६८ मध्ये निघाले. यांगत्सी नदीच्या मार्गाने सिचुआन प्रांत गाठून, तेथून खडतर घाटवाटा ओलांडत २८ फेब्रुवारी १८६९ रोजी ते मूपिन येथे पोचले. आज बाओशिंग म्हणून ओळखला जाणारा हा डोंगराळ प्रदेश त्या काळी स्थानिक सरदाराच्या अमलाखाली, बराचसा स्वतंत्र होता. तिबेटच्या पठाराच्या पूर्व कडेला, बर्फाच्छादित शिखरे आणि बांबूची घनदाट बेटे यांच्या कुशीत एक ख्रिस्ती पाठशाळा होती. तेथे डेव्हिड यांनी मुक्काम ठोकला.

११ मार्च १८६९ रोजी भटकंतीहून परतताना ली आडनावाच्या एका जमीनदाराच्या घरी ते थांबले. तेथे त्यांना एक काळे-पांढरे कातडे दिसले. अस्वलासारखा हा प्राणी शास्त्राला नवा आहे, हे त्यांनी तत्क्षणी ओळखले. ज्यांच्या रानात तो राहत होता, त्या लोकांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या लेखी ते पांढरे अस्वल होते. स्थानिक शिकाऱ्यांना डेव्हिड यांनी कामाला लावले. २३ मार्च रोजी शिकाऱ्यांनी एक पिल्लू आणले. वाहून आणणे सोपे जावे म्हणून ते त्यांनी आधीच मारलेले होते. १ एप्रिल रोजी पूर्ण वाढीचा प्राणीही मिळाला. डेव्हिड यांनी पॅरिसला वर्णन धाडले आणि त्यात या प्राण्याला अस्वलांच्या कुळात जागा दिली.

पॅरिसला मात्र ते पटले नाही. सांगाडा आणि दात तपासून मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७० मध्ये हा प्राणी अस्वलापेक्षा हिमालयातील तांबड्या पांड्याला, म्हणजे सिक्कीम-अरुणाचलच्या जंगलांतही आढळणाऱ्या त्या लहानशा प्राण्याला जवळचा ठरवला आणि त्याची प्रजाती वेगळी केली. पांडा हे नाव त्याला मिळाले ते या मानलेल्या नात्यामुळे. यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ हा वाद चालू राहिला. १९८५ मध्ये रेणुशास्त्रीय अभ्यासाने महाकाय पांडा हा अस्वलांच्याच कुळातील असल्याचे दाखवून दिले. डोंगरातल्या मुक्कामात केवळ निरीक्षणाच्या बळावर डेव्हिड यांनी बांधलेला अंदाज असा उशिरा खरा ठरला.

मूपिनच्या रानाने त्यांना आणखीही बरेच काही दिले. त्याच वर्षी शिकाऱ्यांनी आणून दिलेली माकडे त्यांच्या हाती आली. निळसर चेहरा, वर उचललेले बसके नाक आणि पाठीवर सोनेरी केसांची झूल. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या उंचीवर ही माकडे टोळ्यांनी राहतात आणि अन्नाची टंचाई असते तेव्हा झाडांवरच्या दगडफुलावर गुजराण करतात. ऑटोमन सुलतान सुलेमान यांची बेगम रोक्सेलाना हिचे नाक असेच वर वळलेले होते, या समजुतीवरून मिल्न-एडवर्ड्स यांनी या जातीला तिचे नाव दिले. जगातील सर्वांत मोठ्या उभयचरांपैकी एक असलेला, दीड मीटरहूनही लांब वाढणारा चीनचा महाकाय सॅलॅमँडर डेव्हिड यांच्याच नमुन्यांवरून १८७१ मध्ये शास्त्रात नोंदला गेला आणि त्यालाही त्यांचेच नाव मिळाले. पांढऱ्या रुमालांसारखी पाने फुलांभोवती मिरवणारा डेव्हिडिया वृक्षही त्यांना मूपिनमध्येच आढळला.

आजारपणामुळे १८६९ च्या अखेरीस त्यांना मूपिन सोडावे लागले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्येनत्सिन शहरात परकीयांविरुद्ध दंगल उसळली. फ्रेंच कॉन्सल, धर्मगुरू आणि जोगिणी मारल्या गेल्या. त्याच वर्षी डेव्हिड विश्रांतीसाठी मायदेशी परतले.

कुऱ्हाडीचा आवाज

१८७२ मध्ये ते पुन्हा चीनमध्ये आले. या तिसऱ्या प्रवासात शान्शी प्रांतातील चिन्लिंग पर्वतरांगा, पुढे ज्यांगशी आणि फूच्यान असा मोठा पल्ला त्यांनी गाठला. हिवतापाने शरीर पोखरले होते. एकदा तर प्रकृती इतकी ढासळली, की अंतसमयीचा धर्मविधीही उरकण्यात आला. त्यातून ते वाचले. मात्र पुन्हा डोंगर चढण्याचे त्राण उरले नाही. एप्रिल १८७४ मध्ये त्यांनी चीनचा कायमचा निरोप घेतला.

या प्रवासाच्या रोजनिशीत नव्या जातींच्या नोंदींइतकीच एक वेदना वारंवार डोके वर काढते. जेथे जावे तेथे जुनी अरण्ये कोसळताना त्यांना दिसत होती. शेतासाठी, सरपणासाठी, कोळशासाठी वर्षभर कुऱ्हाडी चालत. शतकांनी उभी केलेली झाडे एकदा गेली की परत येणार नाहीत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आश्रयाने जगणारे प्राणी-पक्षीही जातील, हे त्यांनी ओळखले होते. मनुष्यासाठी थोडी पिके आणि थोडी जनावरे राखून बाकी सारी सृष्टी पुसून टाकण्याचा हा उद्योग त्यांना धर्मदृष्ट्याही अधर्म वाटत असे. पर्यावरण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही जाण होती.

यात एक विसंगतीही होती. जे प्राणी नाहीसे होतील म्हणून ते हळहळत, त्यांचीच कातडी आणि सांगाडे ते पेट्या भरभरून पाठवत होते. त्या काळात शास्त्राचा दुसरा मार्ग नव्हता. नोंद व्हायची तर नमुना हवा, आणि नमुना म्हणजे मृत प्राणी. पुढे पांड्याच्या वाट्याला हीच कीर्ती शाप होऊन आली. त्याची शिकार करणे हा पाश्चात्त्य शिकाऱ्यांचा बहुमान ठरला. १९२९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या दोन मुलांनी पांडा मारल्याचा गाजावाजा झाला. १९३६ मध्ये रूथ हार्कनेस यांनी सू-लिन नावाचे जिवंत पिल्लू अमेरिकेला नेले आणि मग बंदुकीऐवजी पिंजऱ्याची चढाओढ सुरू झाली.

पॅरिसला परतल्यावर डेव्हिड यांनी धर्मसंघाच्या मुख्यालयात अध्यापन आणि संग्रहालयाची मांडणी यांत उरलेले आयुष्य घालवले. एमिल उस्ताले यांच्यासमवेत लिहिलेला चीनमधील पक्ष्यांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमध्ये त्यांनी सुमारे दोनशे जातींच्या वन्य प्राण्यांची आणि आठशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद केली. त्यांपैकी ६३ प्राणी आणि ६५ पक्षी शास्त्राला नवे होते.

दोन पूर

ते पॅरिसमध्ये वृद्ध होत असताना नान हायझीवर संकट कोसळले. १८९० च्या दशकाच्या मध्यात युंगतिंग नदीला महापूर आला आणि शिकारवनाची भिंत फुटली. कळप बाहेर पडला तो दुष्काळाने आणि पुराने गांजलेल्या, उपाशी शेतकऱ्यांच्या मुलुखात. देहदंडाचा धाक भुकेपुढे टिकला नाही. बहुतेक मिलू मारून खाल्ले गेले. जे थोडे भिंतीआत उरले, त्यांचा शेवट १९०० मध्ये झाला. बॉक्सर बंडाच्या वेळी परकीय फौजा पेकिंगमध्ये शिरल्या आणि सैनिकांनी उरलेला कळपही गारद केला. एखाददुसरे जनावर वाचले असले, तरी जात म्हणून मिलू चीनमधून संपला. त्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९०० रोजी, आर्मां डेव्हिड यांनी पॅरिसमध्ये अखेरचा श्वास घेतला.

मिलूची कथा येथेच संपायची. ती संपली नाही, कारण त्याआधी काही मिलू युरोपात पोचलेले होते. इंग्लंडमधील बेडफर्डचे अकरावे ड्यूक हर्ब्रँड रसेल यांनी पॅरिस, बर्लिन आणि इतर शहरांच्या प्राणिसंग्रहालयांत विखुरलेले मिलू विकत घेऊन लंडनच्या उत्तरेस असलेल्या आपल्या वोबर्न ॲबी या जहागिरीत एकत्र आणले. ती सारी मिळून १८ जनावरे होती. त्यांतील अवघ्या ११ जणांपासून पुढची वीण झाली, असे मानले जाते. आज पृथ्वीवर असलेला प्रत्येक मिलू या मूठभर जनावरांचा वंशज आहे. पहिल्या महायुद्धात चाऱ्याच्या टंचाईने कळप पुन्हा खालावला. दुसऱ्या महायुद्धात, एकाच जागी बॉम्ब पडून सारे संपू नये, म्हणून काही जनावरे अन्यत्र हलवण्यात आली. कळप तगला.

१९८५ मध्ये वोबर्नहून मिलू चीनला परत पाठवण्यात आले आणि जेथे त्यांचे पूर्वज शेवटचे चरले होते, त्याच नान हायझीच्या भूमीवर सोडण्यात आले. १९८६ मध्ये ब्रिटनमधून आणखी ३९ मिलू ज्यांगसू प्रांतातील दाफंग येथील किनारी दलदलीत गेले. नव्वदच्या दशकात यांगत्सीकाठच्या शिशौ येथे तिसरा कळप वसवला गेला. १९९८ मध्ये यांगत्सीला प्रचंड पूर आला आणि शिशौच्या कुंपणातून काही मिलू वाहत-पोहत बाहेर पडले. या वेळी त्यांना कोणी मारले नाही. तुंगथिंग सरोवराच्या परिसरातील पाणथळ गवतात ते स्थिरावले, त्यांची वीण झाली आणि शतकांनंतर माणसाच्या मदतीविना जगणारा मिलूंचा कळप चीनमध्ये पुन्हा उभा राहिला. एका पुराने नष्ट केलेल्या जातीला दुसऱ्या पुराने मोकळे केले. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २०१६ मध्ये मिलूला मुक्त निसर्गातून नामशेष झालेल्यांच्या यादीतच ठेवले होते. चीनमधील त्यांची संख्या मात्र त्यानंतर वाढत जाऊन दहा हजारांच्या पुढे गेली आहे.

पांड्याचेही काहीसे तसेच. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत चीनच्या रानांत १,८६४ पांडा आढळले आणि २०१६ मध्ये संघटनेने त्याची श्रेणी संकटग्रस्तवरून असुरक्षित अशी सुधारली. सगळ्यांचे नशीब इतके बलवत्तर नाही. डेव्हिड यांचे नाव धारण करणारा महाकाय सॅलॅमँडर चवीच्या मागणीपायी नद्यांमधून जवळजवळ पुसला गेला. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की एकच समजली गेलेली ही जात प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या जातींचा समूह आहे. त्यांपैकी काहींची नीट नोंद होण्याआधीच त्या संपण्याची भीती आहे.

डेव्हिड यांनी मिलूला वाचवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी ते हरीण वेगळे आहे हे ओळखले आणि जीव धोक्यात घालून त्याची नोंद केली. नोंद झाली म्हणून कुतूहल वाढले, कुतूहलापोटी काही जनावरे समुद्रापार गेली आणि ती गेली म्हणून भिंत फुटली तेव्हा सारेच संपले नाही. ज्या प्राण्याला नाव नाही, त्याच्या नाहीसे होण्याची बातमीही होत नाही. मिलूच्या बाबतीत ती वेळ आली नाही, कारण १८६५ मध्ये कोणीतरी भिंतीपलीकडे डोकावून पाहिले होते.